रणांगणावरून परतलेला माणूस

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. दगडाच्या देवाची उपमा आपल्या धर्माला मानवणारी नसली, तरी कोकणातल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडीही ती असे. कारण तिच्यातील उपदेश त्यांना पटत होता. दुःख सोसले म्हणजे माणूस घडतो, संकटाने मन बळकट होते, हा तो उपदेश. मात्र म्हण रचणाऱ्याने एक गोष्ट सांगावयाची ठेवली. टाकीखाली काही दगडांच्या मूर्ती होतात, तसे काही दगड फुटूनही जातात. आणि फुटलेल्या दगडांविषयी कोणी म्हण रचीत नाही.

युद्ध ही अशीच एक टाकी आहे. आपण ज्या देशात येऊन स्थायिक झालो, त्या इस्राएलमध्ये लष्कराशी संबंध नाही असे घर विरळाच. १९६७, १९७३, १९८२ आणि अगदी अलीकडे २०२३ च्या ऑक्टोबरनंतर आपल्याही घरांतील मुले रणांगणावर गेली. काही परतली नाहीत. त्यांची नावे आपण दर वर्षी उभे राहून ऐकतो. जी परतली, त्यांपैकी काही पूर्वीची राहिली नाहीत. त्यांची नावे कोणी वाचीत नाही. घरातल्या घरात ‘तो पूर्वी असा नव्हता’ एवढेच आई कुजबुजते आणि विषय तिथेच संपतो.

हा विषय तिथेच का संपू नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखात एका जुन्या युद्धातील एका इस्पितळाची हकीकत सांगावयाची आहे. हे इस्पितळ दूर स्कॉटलंडमध्ये होते. परंतु तिथे आलेल्या एका रुग्णाचे आडनाव मुंबई-पुण्याच्या प्रत्येक बेने इस्राएल माणसाच्या परिचयाचे आहे. ते आडनाव म्हणजे ससून.

डेव्हिड ससून हे बगदादमधील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यातील व्यापारी. १७९२ साली त्यांचा जन्म झाला. बगदादच्या सुभेदाराच्या जुलमामुळे त्यांना जन्मभूमी सोडावी लागली आणि १८३२ च्या सुमारास ते मुंबईस येऊन राहिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी जे उभारले ते आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे : भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ओहेल डेव्हिड, ज्याला सारे पुणे ‘लाल देऊळ’ म्हणते, ससून रुग्णालय, काळ्या घोड्याजवळील वाचनालय आणि कुलाब्याचा ससून डॉक. १८६४ साली डेव्हिड ससून पुण्यात वारले आणि लाल देवळाच्याच आवारात त्यांची समाधी आहे.

त्यांचा एक मुलगा इंग्लंडला गेला. त्या मुलाच्या मुलाने, म्हणजे आल्फ्रेडने, १८८४ साली एका ख्रिस्ती तरुणीशी विवाह केला. घराण्याने त्याच्याशी संबंध तोडले. आल्फ्रेडलाही संसार फार काळ लाभला नाही. १८९५ मध्ये तो क्षयाने मरण पावला. त्या वेळी त्याचा मधला मुलगा सीगफ्रीड आठ वर्षांचा होता. केन्ट परगण्यातील खेड्यात, आईच्या धर्मात, घोडेस्वारी, कोल्ह्याची शिकार आणि क्रिकेट यांत हा मुलगा वाढला. तो कविता करी आणि स्वतःच्या खर्चाने छापी. घरचे थोडेफार उत्पन्न होते, पोटाची चिंता नव्हती. १९१४ साली युद्ध सुरू झाले नसते, तर सीगफ्रीड ससून हे नाव आज कोणास ठाऊक असते की नाही, याची शंकाच आहे.

युद्ध पुकारले जाण्याच्या सुमारासच तो स्वखुशीने सैन्यात शिरला. १९१५ च्या नोव्हेंबरात, रॉयल वेल्श फ्यूझिलियर्स या पलटणीचा अधिकारी म्हणून तो फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचला. त्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ हॅमो गॅलिपोलीच्या मोहिमेत कामास आला. चार महिन्यांनी, १९१६ च्या मार्चमध्ये, त्याचा जिवलग मित्र डेव्हिड थॉमस गोळी लागून मेला.

इथून या माणसात बदल होऊ लागला. तो प्रथम तरी आपल्या म्हणीतला ‘देवपणाचा’ बदल नव्हता. सूड हीच त्याची भूक झाली. रात्री दोन सैन्यांमधील ओसाड पट्ट्यात सरपटत जाऊन शत्रू शोधण्याचे त्याला वेड लागले. सोबत्यांनी त्याचे नाव ‘मॅड जॅक’ ठेवले. गोळीबारात शिरून जखमींना उचलून आणल्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. जुलै १९१६ मध्ये मामेत्झच्या जंगलाजवळ शत्रूचा एक खंदक त्याने एकट्याने हातबॉम्ब फेकून रिकामा केला. बाहेरून पाहणाऱ्याला हे केवळ शौर्य दिसले, आणि ते शौर्य होतेही. पण ज्याला स्वतःच्या जिवाची पर्वा उरलेली नाही, त्याच्या शौर्यात आणि दुःखात फार थोडे अंतर असते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण घरी परतलेल्या मुलाच्या धाडसाचे कौतुक करताना तेवढीच एक गोष्ट आपल्या दृष्टीतून निसटते.

१९१७ च्या एप्रिलमध्ये आरासच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी शिरली. लंडनच्या इस्पितळात जखम भरून येत होती. परंतु रात्री मेलेले सोबती त्याला पलंगाभोवती दिसत. बरा होत असता त्याने एक निवेदन लिहिले आणि आपल्या वरिष्ठाकडे धाडले. संरक्षणासाठी म्हणून सुरू झालेले हे युद्ध आता आक्रमणाचे व विजयाचे झाले आहे. ज्यांच्या हाती ते संपविणे आहे, ते जाणूनबुजून लांबवीत आहेत. सैनिकांच्या या यातनांना आपण यापुढे हातभार लावणार नाही, असा त्याचा आशय होता. शौर्यपदकाची फीत त्याने मर्सी नदीच्या मुखाशी पाण्यात फेकून दिली. ३० जुलै रोजी ते निवेदन पार्लमेंटात वाचले गेले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले.

लष्करी न्यायालयापुढे उभे राहण्याची त्याची तयारी होती. परंतु त्याचा मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज, याने धावपळ करून प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे वळविले. पदक मिळविलेल्या अधिकाऱ्याला तुरुंगात घालण्यापेक्षा त्याचे चित्त ठिकाणावर नाही असे ठरविणे सरकारलाही सोयीचे होते. अशा रीतीने, निवेदन पार्लमेंटात पोहोचण्याच्या आठवडाभर आधीच, २३ जुलै १९१७ रोजी ससून एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात दाखल झाला.

हे इस्पितळ कशासाठी होते, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टरांना विचित्र रुग्ण दिसू लागले. अंगावर जखम नाही, पण माणूस मुका झाला आहे. डोळे शाबूत आहेत, पण दिसत नाही. हातपाय थरथरतात, झोप येत नाही, आली तर किंकाळी फोडून जाग येते. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला धक्का बसत असावा, या समजुतीने या व्याधीला ‘शेलशॉक’ हे नाव पडले. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत ते वैद्यकीय नियतकालिकात छापले. पण पुढे असे आढळले की ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटला नव्हता तेही या व्याधीने पछाडले होते. ब्रिटिश सैन्यात अशा सुमारे ८०,००० रुग्णांची नोंद झाली.

लष्कराला प्रश्न पडला : हा रोग की भित्रेपणा? उत्तर पुष्कळदा रुग्णाच्या हुद्द्यावर ठरे. अधिकाऱ्याला स्कॉटलंडच्या टेकडीवरचे इस्पितळ मिळे. साध्या शिपायाच्या वाट्याला काय येई, ते लंडनचे डॉक्टर येलँड यांच्या १९१८ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितले आहे : मुक्या झालेल्या सैनिकाला खोलीत कोंडून, बोलेपर्यंत घशाला विजेचे धक्के देत राहावयाचे. काहींची गाठ इस्पितळाऐवजी गोळीबार पथकाशी पडली. पलायन, भित्रेपणा आणि तत्सम आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ साली क्षमा जाहीर केली. त्यांत मनाने कोलमडलेले किती होते, हे विचारावयास तेव्हा कोणी थांबले नव्हते.

क्रेगलॉकहार्टमध्ये ससूनला जे डॉक्टर लाभले, त्यांचे नाव डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. वय त्रेपन्न. हा गृहस्थ मानववंशशास्त्राचाही अभ्यासक; १९०१-०२ साली निलगिरी पर्वतात तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या चालीरीती त्याने टिपल्या होत्या व १९०६ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परक्याच्या दारी बसून, त्याला न टोकता, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे, ही सवय त्याला अशा कामातून जडलेली. शिवाय तो स्वतः तोतरा बोले. ज्याच्या जिभेला शब्द जड जातात, त्याला दुसऱ्याच्या अडखळण्याची घाई होत नाही.

त्या काळची सर्वमान्य शिकवण अशी होती की, झाले गेले विसरावे, चांगल्या गोष्टींचा विचार करावा, मन दुसरीकडे गुंतवावे. रुग्णही तसेच करीत. दिवसा गोल्फ खेळत, हसतबोलत वावरत. रात्र झाली की त्याच इमारतीच्या ओसरीतून कण्हणे आणि ओरडणे ऐकू येई. दिवसभर जे दारात अडवून ठेवले, ते रात्री खिडकीतून आत येई. रिव्हर्स यांनी १९१७ च्या डिसेंबरात या विषयावर डॉक्टरांसमोर एक व्याख्यान दिले. जे घडले ते दाबून ठेवल्याने रोग वाढतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. पण चोवीस तास तेच उगाळीत बसावे असेही ते म्हणत नव्हते. अनुभवाकडे तोंड फिरवू नये. त्याच्याकडे पाहावे, आणि जिथून तो सोसवेल अशी एखादी बाजू त्यात आहे का, ते शोधावे, असे त्यांचे मत होते.

त्या व्याख्यानातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. एक अधिकारी आपल्या मित्राच्या शोधात गेला आणि त्याला मित्राच्या देहाचे छिन्नविच्छिन्न तुकडे सापडले. तेव्हापासून तो मित्र स्वप्नात त्याच भयंकर रूपात येई. अनेकांनी त्याला ‘विसर’ म्हणून सांगितले होते. रिव्हर्स यांनी त्याला विसरावयास सांगितले नाही. त्यांनी एवढेच दाखवून दिले की, देहाची ती अवस्था हाच मृत्यू तत्क्षणी आल्याचा पुरावा आहे. मित्राला वेदना भोगाव्या लागल्या नाहीत. त्या अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. काही रात्री स्वप्नच पडले नाही. मग एका रात्री तो स्वप्नात पुन्हा त्या जागी गेला, पण या वेळी मृतदेहाशेजारी गुडघे टेकून बसला, घरच्यांना पाठविण्यासाठी मित्राचा कमरपट्टा व इतर वस्तू त्याने काढून घेतल्या, आणि जागा झाला तो भयाने नव्हे, दुःखाने. पुढे एका स्वप्नात त्याने मित्राशी संभाषणही केले.

भय आणि दुःख यांतील हा फरक फार मोठा आहे. भयात माणूस एकटा असतो. दुःख वाटून घेता येते. आपल्याकडे त्यासाठी सात दिवस जमिनीवर बसतात, शेजारी जेवण घेऊन येतात.

रिव्हर्स यांची सचोटी अशी की, त्याच व्याख्यानात त्यांनी आपले अपयशही सांगितले. दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा अनुभव इतका किळसवाणा होता की, त्यात सोसवेल अशी एकही बाजू सापडेना. त्या माणसाला खेड्यातील शांततेत थोडा आराम पडे. म्हणून त्याने सैन्य सोडून तिकडेच जावे, असे त्यांनी ठरविले. काही जखमांवर बोलणे हेही औषध नाही. तिथे निवांत जागा आणि सबुरी एवढेच देता येते.

ससूनबद्दल रिव्हर्स यांनी नोंद केली की त्याला मनोविकार नाही. तरीही दोघे आठवड्यातून अनेकदा भेटत आणि बोलत. वडिलांना आठव्या वर्षी मुकलेल्या या माणसाला रिव्हर्स पित्याच्या ठिकाणी झाले. याच इस्पितळात जूनअखेरीस विल्फ्रेड ओवेन नावाचा चोवीस वर्षांचा अधिकारी आला होता. तोफगोळ्याच्या स्फोटाने तो उडवला गेला होता आणि नंतर काही दिवस एका सोबत्याच्या अवशेषांजवळ पडून होता. त्याचे डॉक्टर ब्रॉक यांचा भर कामावर होता. त्यांच्या प्रोत्साहनाने तो इस्पितळाचे ‘हायड्रा’ नावाचे मासिक संपादित करी. ऑगस्टमध्ये तो बिचकत ससूनच्या खोलीत गेला आणि आपल्या कविता त्याने दाखविल्या. तोवर त्या गोड, जुन्या धाटणीच्या असत. जे दुःस्वप्नात दिसते तेच कवितेत लिही, हे बळ त्याला ससूनच्या सहवासात आले. पुढील वर्षभरात त्याने जे लिहिले, त्यावर आज इंग्रजी साहित्यातील युद्धकाव्याची इमारत उभी आहे. संकटाने त्याला कवी केले, असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. संकटाने त्याला थरथरता आणि निद्राहीन केले होते. कुणीतरी त्याचे ऐकले, तेव्हा त्या यातनेला शब्द सापडले.

यापुढील भाग क्लेशकारक आहे. रुग्णांना बरे करून पुन्हा त्याच तोफांसमोर पाठवावयाचे, हे रिव्हर्स यांचे कर्तव्य होते, आणि ते त्यांना टोचत असे. ससूनचे मत बदलले नव्हते; परंतु आपली माणसे चिखलात मरत असता आपण सुरक्षित बिछान्यावर निजावे, हे त्याला सहन होईना. १९१७ च्या नोव्हेंबरअखेर त्याने स्वतः होऊन पुन्हा सेवेवर जाण्याची तयारी दाखविली. आणि लष्कराने त्याला कुठे धाडले? आपल्याच भूमीत. १९१८ च्या मार्चमध्ये तो रामल्लाच्या परिसरातील आपल्या पलटणीत दाखल झाला. ज्या यरुशलायमकडे तोंड करून त्याचा पणजोबा बगदादेत, मुंबईत आणि पुण्यात प्रार्थना करी, त्या नगरीच्या उत्तरेकडील टेकड्यांवर हा पणतू ब्रिटिश अधिकारी म्हणून वावरला. तिथली रानफुले व पक्षी पाहून त्याचे मन थोडे निवले, असे त्याच्या रोजनिशीवरून दिसते.

पण त्याच मार्चमध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी मोठी चढाई केली. ब्रिटिश पलटणी तातडीने तिकडे हलविल्या गेल्या आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्यांच्या जागी बहुतांशी हिंदुस्थानी पलटणी आल्या. त्यांत मराठे शिपाईही होते. ससून मे महिन्यात फ्रान्सला गेला आणि १३ जुलै रोजी गस्तीवरून परतत असता स्वतःच्याच एका सार्जंटने शत्रू समजून झाडलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली. तो वाचला, त्याचे युद्ध संपले. सैनिकांची बाजू सांगणारा कोणीतरी तिथे असला पाहिजे, या भावनेने ओवेन पुन्हा आघाडीवर गेला. त्यानेही शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळविला, आणि युद्ध संपण्यास अवघा एक आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, एका कालव्याच्या काठी तो मारला गेला. ११ नोव्हेंबरला शांततेच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या हाती तार पडली.

ससून १९६७ पर्यंत जगला. त्याने गद्यात आपल्या आयुष्याची कथा लिहिली : आधी कादंबरीच्या रूपाने तीन खंड, मग आत्मचरित्राचे तीन खंड. नवल असे की, एवढे लिहूनही ही कथा १९२० च्या पलीकडे गेली नाही. तो माणूस पुढे सत्तेचाळीस वर्षे जगला, पण त्याची लेखणी त्याच वर्षांभोवती घिरट्या घालीत राहिली. बोलल्याने जखम नाहीशी होते, असे कोणी समजू नये. जखमेसह जगता येते, एवढेच. कादंबरीत त्याने इतरांची नावे बदलली. रिव्हर्स यांचे मात्र खऱ्या नावाने ठेवले. इतके ऋण त्याला वाटत होते.

आता एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ससून आणि ओवेन यांना लेखणी होती. ज्यांना ती नव्हती, त्यांचे काय? त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. मेसोपोटेमियात कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते, आणि कैदेत पुष्कळ जण उपासमारीने व रोगाने मेले. सातारा-रत्नागिरीच्या खेड्यांत जे परतले, त्यांच्या स्वप्नांत काय येत होते? त्यांच्यासाठी कुणी टेकडीवर इस्पितळ उघडले नाही. हिंदी सैनिकांची पत्रे लष्कराचे परीक्षक वाचीत, आणि जे काही आज उरले आहे त्यातले पुष्कळसे त्या परीक्षकांनी उतरवून ठेवलेल्या तुकड्यांतच आहे. गावात एवढेच म्हटले जाई की, अमका लढाईवरून आला तेव्हापासून बोलत नाही.

इस्राएलनेही हा धडा सहजी घेतला नाही. १९६७ च्या विजयोत्सवात किब्बुत्झमधील काही तरुण एकत्र बसले आणि आपल्या मनातील भय, शरम व शोक यांविषयी बोलले. ‘सियाख लोखामिम’, म्हणजे ‘लढवय्यांचे संभाषण’, हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले आणि विजयाच्या जल्लोषात ते ऐकून लोक चकित झाले. १९७३ च्या योम किप्पूर युद्धात ‘हेलेम क्रव’चे रुग्ण एवढ्या संख्येने आले की लष्कराची वैद्यकीय व्यवस्था त्यासाठी तयारच नव्हती. १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर झहावा सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सैनिकांची कित्येक वर्षे पाहणी केली. ज्यांना आघाडीजवळच, लवकर आणि ‘तू बरा होशील’ या विश्वासाने उपचार मिळाले, त्यांची पुढील अवस्था तुलनेने बरी राहिली, असे त्यांना आढळले. जगाच्या वैद्यकशास्त्राने या व्याधीला तिचे आजचे नाव १९८० साली दिले. क्रेगलॉकहार्टहून तिथवर पोहोचण्यास त्रेसष्ट वर्षे लागली.

आपल्या समाजाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जुने उत्तर दडलेले आहे. कमांडंट सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटून सुखरूप परतलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला, असे परंपरा सांगते. १७९६ साली मुंबईत त्यांनी आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले आणि त्याचे नाव ‘शआर हाराहामिम’, दयेचे द्वार. आपण त्याला जुनी मशीद म्हणतो. कैदेत त्यांनी काय भोगले ते लिहून ठेवलेले नाही. पण ज्याने विजयाचे नव्हे तर दयेचे नाव निवडले, त्याच्या मनात काय घडले असेल याची कल्पना करता येते.

आणि दिवेकर एकटे नव्हते. समुद्र, वाळवंट, आजार किंवा तुरुंग यांतून जो वाचून आला, त्याने समाजासमोर उभे राहून ‘हागोमेल’ची ब्राखा म्हणावी आणि समाजाने त्याला उत्तर द्यावे, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. आपण त्याच्या जोडीला एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो. यात दोन गोष्टी आवश्यक ठेवल्या आहेत : वाचलेल्या माणसाने तोंड उघडावे आणि ऐकणारे जमलेले असावेत. रिव्हर्स यांना जे इस्पितळात उमगले, ते आपल्या पूर्वजांनी विधीत बांधून ठेवले होते.

मग आपल्या घरांत ही शांतता का? एक कारण आपणास ठाऊक आहे, पण आपण ते बोलून दाखवीत नाही. मुलाचे युद्ध हिब्रूत झाले. हुकूम हिब्रूत आले, सोबत्याची अखेरची हाक हिब्रूत ऐकू आली. घर मात्र मराठीत बोलते. दिमोन्याच्या किंवा अश्दोदच्या सदनिकेत आई विचारते, ‘जेवलास का रे?’ त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे; जे सांगावयाचे आहे त्याला मराठी शब्द नाहीत, आणि तिला त्याचे हिब्रू शब्द पुरते कळत नाहीत. मग तो ‘हो’ म्हणतो आणि खोलीत जातो. काही घरांत हा संवाद पन्नास वर्षे तेवढाच राहिला आहे. तो मुलगा आता स्वतः आजोबा झाला आहे.

अशा घरांना या लेखातून एवढेच सांगावयाचे आहे. ‘विसरून जा’ असे म्हणू नका. रात्री जे खिडकीतून आत येते ते या शब्दांनी अडत नाही. ‘सांग, सांग’ म्हणून मागेही लागू नका. जाणत्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नका, आणि ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपायी त्याचा रोग लपवू नका. ज्या ३०६ जणांना गोळ्या घातल्या, त्यांच्याविषयी लोक काय म्हणत होते आणि पुढे काय म्हणावे लागले, हे आठवा. जमले तर शब्बाथच्या संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर, त्याच्याजवळ थोडे अधिक बसा. तो हिब्रूत बोलू लागला तर बोलू द्या. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असे नाही. निलगिरीत तोडा लोकांपुढे बसलेल्या त्या तोतऱ्या डॉक्टरालाही त्यांची भाषा येत नव्हती. ऐकण्यासाठी तो महिनोन्‌महिने तिथे राहिला.